माईंचे पुसलेले शब्द

"माईंनी सांगितलं आणि पहाटे बाळाचा ताप उतरला." अशा जबान्यांनी आयांचा तो ऑनलाइन ग्रुप ओसंडून वाहत होता. माईंना प्रत्यक्ष कुणी पाहिलं नव्हतं. त्या बाळाचा फोटो मागवत आणि खाली लिहीत, "औषध बंद ठेव. सूर्य उगवायच्या आत ताप जाईल. विश्वास ठेव, लेकी." बघावं तिथं माईंचा शब्द खरा. खोटा ठरलेला औषधालाही सापडेना.

ग्रुप सांभाळणारी ताई स्वतः लेकुरवाळी, कडेवर पोर नि हातात फोन. तिनं एकदा माईंना अडवलं, तर आया तिच्यावरच तुटून पडल्या. "तुमचा विश्वास नसेल तर नसो, आमच्या लेकरांच्या मुळावर का उठता?" ग्रुप फुटेल म्हणून ती गप्प बसली. त्याच आठवड्यात तिच्या धाकट्या बहिणीनं माईंच्या शब्दावर औषध थांबवलं आणि भाचीला झटके आले.

इस्पितळाच्या बाकावर धाकटी पुटपुटली, "माझीच श्रद्धा कमी पडली गं, ताई. माईंनी खासगीत कळवलंय तसं."

"आधी काय लिहिलं होतं, दाखव."

"ते आता दिसतच नाहीये."

ताईच्या मस्तकात तिडीक गेली. पुसलेलं इतरांना दिसत नाही, पण ग्रुप सांभाळणाऱ्याला दिसतं. शिवीगाळ तपासायला ती तो कप्पा उघडायची. माईंसाठी कधी उघडलाच नव्हता. आत माईंच्या पुसलेल्या शब्दांचा खच पडला होता. प्रत्येक बाळाला तेच वाक्य. ताप उतरला की वाक्य जागेवर. नाही उतरला की माई ते पुसणार आणि खापर आईच्या माथी.

ताईनं फोन धाकटीपुढे धरला. "हाकल ना तिला," वाचून धाकटी म्हणाली.

"हाकलली तर छळ झाला म्हणून गळा काढेल आणि दुसरीकडे दुकान मांडेल. तिचा दरबार भरू दे."

संध्याकाळी ग्रुपवर माईंचा दरबार भरला, साऱ्या आया जमल्या. "लेकींनो, माईचा शब्द कधी वाया गेलाय का?" माईंनी लिहिलं.

ताईनं पुसलेलं सगळं एका झटक्यात परत आणलं.

"अगं, तुझ्याही बाळाचा नव्हता उतरला?" एका आईनं दुसरीला विचारलं.

"मला वाटलं, मीच एकटी करंटी."

माई पुसायला धावल्या. ती सोय ताईनं आधीच बंद केली होती. "हा दुष्ट शक्तीचा खेळ आहे," माई कळवळल्या.

"ती मीच, माई. चालू द्या तुमचं." आणि तिनं पोराला मांडीवर घेऊन निवांत तमाशा पाहिला. दया आली नाही.

मग तिनं लिहिलं, "बायांनो, बरेचसे ताप आपोआप उतरतात, त्यांचं श्रेय माई लाटतात. जे उतरत नाहीत त्यांना डॉक्टर लागतो. माझी भाची औषधानं वाचली. पुढं कुणी चमत्कार दाखवला, तर एवढंच विचारा: फसलेले कुठं लपवलेत?"