बिननावाचा डबा

नजीरानं मातीचा गोळा तळहातावर घेतला, त्यावर तांब्यातल्या पाण्याचे चार थेंब शिंपडले आणि दोन्ही हातांत घोळवून त्याची करंगळीएवढी जाड वळी केली. मग ती वळी हळूहळू वाकवली. दोन्ही टोकं एकमेकांना येऊन चिकटली, तरी कुठं तडा गेला नाही.

"वाळा झाला बघा, मास्तर," ती म्हणाली. "तडकला न्हाय. ह्या मातीत द्राक्ष येत न्हाय."

गणपतराव मास्तर बाकड्यावर पुढं सरकून बसले. तीस वर्षं त्यांनी पोरांना भूगोल शिकवला होता. कुठं किती पाऊस आणि कुठं कोणती माती, हे फळ्यावर काढून काढून त्यांची बोटं पांढरी झाली होती. पण निवृत्त होऊन नदीकाठच्या स्वतःच्या दोन एकरांत पाय ठेवला, तेव्हा सगळा भूगोल विसरून त्यांना द्राक्षाचा मांडव दिसायला लागला. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते मास्तरांकडं बघून पटायचं.

"एका वाळ्यावर निकाल?" त्यांनी विचारलं. "ख्वाजाभाई असाच लावायचे?"

"आसाच," नजीरा म्हणाली. "कंबरंएवढा खड्डा घ्यायचा, तळची माती काढायची नि वाळा करायचा. वळताना तुटला तर बाग लावा, जुळला तर ऊस लावा. पाणी घालाय मी हुतोच की शेजारी."

ख्वाजा म्हणजे नजीराचा नवरा. शिवाजी पेठेतल्या या दोन खोल्यांतून वर्षातून दोनदा कात्री घेऊन बाहेर पडणारा द्राक्षांचा छाटणीवाला. उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरला की फळाची छाटणी. तासगाव, बार्शी, विजापूर, नाशिक, जिथून बोलावणं येईल तिथं. परत येताना प्रत्येक बागेतली ओंजळभर माती तो चहाच्या पत्र्याच्या डब्यात भरून आणायचा. डब्यावर गावाचं नाव, आत चिठ्ठी. भिंतीला ठोकलेल्या लांब फळीवर असे एकोणीस डबे रांगेनं उभे होते. आणि विसावा अगदी टोकाला, बिननावाचा.

गेल्या दिवाळीआधी ख्वाजा छातीच्या दुखण्यानं गेला. मास्तरांचं रान बघायला यायचं त्यानं कबूल केलं होतं, ते राहून गेलं. म्हणून आज चैत्रातल्या भर दुपारी मास्तरच पिशवीत माती घेऊन आले होते.

"तासगाव काय लांब आहे का भाभी? सकाळी निघालं की जेवायला तिथं. तिथं मांडव लागतात आणि इथं नाही?"

नजीरानं तासगावचा डबा काढून त्यांच्यासमोर ठेवला. आत पांढुरका, खडेखडे असलेला मुरूम होता. मास्तरांनी चिमूट घेतली, ती बोटांतून भुरभुर खाली सांडली. आतली चिठ्ठी त्यांनी चष्मा लावून वाचली.

"मुरूम. पाणी थांबत नाही. डोंगराचा पाऊस इथवर पोचत नाही. छाटणी बिनघोर. वाण भोकरी."

नाशिकच्या चिठ्ठीत थंडीबद्दल लिहिलं होतं. थंडीनं तिथं मणी सावकाश भरतो आणि आंबटपणा धरून राहतो. खाली 'याची दारू चांगली होते म्हणतात, आपल्याला काय करायचं' अशी ओळ होती. मास्तर हसले. बार्शीच्या मातीत चुनखडी, म्हणून साल जाड आणि माल लांबच्या बाजारापर्यंत टिकाऊ. ख्वाजा चौथीपर्यंतच शिकलेला, पण एकेका गावाचं पाणी, वारा आणि माती त्यानं तीन ओळींत पकडली होती. मास्तरांच्या पुस्तकात त्याला एकेक धडा लागत होता.

"ते म्हणायचं," नजीरा म्हणाली, "द्राक्षाला डोकं उन्हात नि पाय कोरडं लागत्यात. हितं पाऊस दिवाळीपत्तोर हालत न्हाय. छाटलेल्या काडीवर पाणी पडलं की केवडा रोग आलाच. नि खाली काळी माती. उन्हात तोंड वासती नि मुळ्या तोडती, पावसात तोंड मिटती नि मुळ्या कुजवती."

तिला हे सगळं तोंडपाठ होतं. बोलताना मात्र तिचं लक्ष बोलण्यात नव्हतं. तिची नजर खोलीभर फिरत होती. उद्या सकाळी हुपरीहून भाचा निसार तिला न्यायला येणार होता. तिथं तिची बहीण लालबी होती, घरात चांदीकाम होतं, चार माणसं होती. एकट्या बाईनं या खोल्यांत काय करायचं, असं सगळे म्हणत होते आणि त्यात खोटं काही नव्हतं. दोनदा तिनं निसारला परत पाठवलं होतं. या खेपेला ती हो म्हणाली होती, आणि अजून एकही गाठोडं बांधलं नव्हतं.

कारण तिला भीती होती. तिची लेक या घरात यायची. हे घर सोडलं तर तिला आई कुठं सापडणार?

लेकीचं नाव सुलतानबी. अकरा महिन्यांची असताना, अशाच चैत्रात, दोन दिवसांच्या तापानं ती गेली. ख्वाजा तेव्हा तासगावला मांडवाखाली होता. निरोप मिळून तो पोचला तो फक्त तिला उचलून न्यायला. बायकांनी मागं घरात थांबायचं, म्हणून नजीरा थांबली. लेकीला कुठल्या मातीत ठेवलं, हे तिनं पंधरा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. लालबीच्या नवऱ्यानं हुपरीत घडवलेले घुंगरांचे दोन वाळे होते. त्यातला एक तिच्या पेटीत होता. दुसरा त्या दिवशीच्या गडबडीत कुठं पडला, कुणालाच कळलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी तिला वाळ्याचा आवाज आला. बारीक, तुटक, मूल दोन पावलं टाकून बसावं तसा. तेव्हापासून दर वर्षी यायचा. होळी झाली की सुरू व्हायचा आणि मृगाचा पाऊस पडला की थांबायचा. ख्वाजा म्हणायचा, "शेजारची गिरणी सुरू हुती, भांडी वाजत्यात." ती म्हणायची, "गिरणी बारा म्हैनं चालती की. मग पावसात का न्हाय वाजत?" त्यावर तो नुसता उठून फळीपाशी जायचा आणि टोकाला हात ठेवून उभा राहायचा. आवाज थांबायचा. बापाच्या हाताला पोरगी ऐकते, असं नजीराला वाटायचं आणि तिचा ऊर भरून यायचा. कधी कधी त्याचा रागही यायचा. खेळू दे की जरा तिला.

"या सगळ्या माझ्या मातीपेक्षा वेगळ्या आहेत," मास्तर एकेक झाकण लावत म्हणाले. "माझ्यासारखी काळी एकही नाही?"

एवढ्यात भिंतीपलीकडं गिरणीचा पट्टा चढला. आधी घरघर, मग जमिनीतून धडधड. फळीवरचे डबे एकमेकांना लागून थरथरले.

आणि तो आला. छुन. मग थांबून, छुन छुन.

मास्तरांनी मान वर केली. इकडं तिकडं पाहिलं.

"घरात लहान मूल आहे का, भाभी?"

नजीराच्या हातातला तांब्या कलंडला. पाणी जमिनीवरून मास्तरांच्या पायापर्यंत गेलं. पंधरा वर्षांत हा आवाज तिच्याशिवाय कुणी ऐकला नव्हता. शेजारणींनी नाही, लालबीनं नाही. ख्वाजा तर कानांवर हातच ठेवायचा.

"नाही, वाळा वाजला म्हणून विचारलं," मास्तर म्हणाले. ते उठले, फळीच्या कडेनं कान देत चालत गेले आणि टोकाला थांबले. "यात आहे. या डब्यात काहीतरी आहे."

"त्याला हात लावू नका, मास्तर. त्यात नापास माती हाय. उघडल्यावर हवा लागती म्हणायचं ते."

पण मास्तरांनी डबा खाली घेतला होता. त्यांनी तो हलवला आणि आवाज त्यांच्या हातात झाला. नजीरा भिंतीला टेकली. तिनंच मग खुणेनं सांगितलं, उघडा.

झाकण गंजलेलं होतं, चमच्याच्या टोकानं उचकटावं लागलं. आत काळी माती होती. उन्हाळ्यानं सुकून, आक्रसून तिला बोटभर रुंद भेगा पडल्या होत्या. त्यातल्या मोठ्या भेगेत, काळवंडलेला, एक वाळा सुटा पडला होता. बाजूच्या मातीत त्याचा गोल ठसा होता. पावसाळ्यात गळक्या कौलांची ओल लागून माती फुगली की त्या ठशात तो घट्ट धरला जाई, आणि उन्हाळ्यात भेगाळली की मोकळा होई.

नजीरा बघत राहिली. उन्हात तोंड वासती, पावसात तोंड मिटती. हे वाक्य तिनं आताच, याच तोंडानं मास्तरांना सांगितलं होतं.

मास्तरांनी चिठ्ठी उलगडली. खिडकीच्या उजेडात धरून वाचली.

"‘काळी. धरलेलं सोडत नाही.’ बस, एवढंच. गावाचं नाव नाही, वाण नाही." त्यांनी चिठ्ठी उलटी केली. "ही कुठली माती, भाभी?"

पदराच्या टोकानं तिनं वाळा उचलला, पुसला नाही, नुसता तळहातावर घेतला. तो इतका लहान होता की त्यात तिची चार बोटंसुद्धा गेली नसती. मास्तर तिच्या चेहऱ्याकडं बघत होते. मग त्यांनी नजर खाली घेतली आणि हातातली चिठ्ठी होती तशी, त्याच घड्यांवर मिटली.

लेकीला ठेवलं तिथलीच ही माती, आणि तिच्यातला वाळा वाजतो हे ख्वाजाला माहीत होतं. दर उन्हाळ्यात, दर दुपारी. मातीचं एवढं कळणाऱ्या माणसाला आपल्याच घरातली माती कळली नसेल? सांगितलं असतं तर आवाज डब्याचा झाला असता आणि लेकीचं येणं संपलं असतं. म्हणून त्यानं सांगितलं नाही. आणि त्याला स्वतःला तो ऐकवायचा नाही, म्हणून हात ठेवून उभा राहायचा. तिला त्याचा इतका राग आला, आणि रागाच्या पोटात इतकी माया आली, की ती तिथंच खाली ओल्यात बसली आणि मोठ्यानं रडली. ख्वाजाच्या चाळिसाव्या दिवसालाही रडली नव्हती तेवढी रडली. मास्तर दाराबाहेर जाऊन उभे राहिले. गिरणी चालूच होती.

बऱ्याच वेळानं तिनं त्यांना आत हाक मारली. चहा केला होता.

"मास्तर, ह्ये डबं तुमच्या शाळंत ठिवा. पोरास्नी दाखवा. मी हुपरीला चाललो उद्या."

"सगळे?"

"एकोणीस."

मास्तरांनी मान डोलावली. जाताना उंबऱ्यात थांबून ते म्हणाले, "मी ऊसच लावतो, भाभी."

"लावा. त्यो गप उभा ऱ्हातोय पाण्यात."

दुसऱ्या दिवशी हुपरीच्या गाडीत बसायला जागा मिळाली, पण मधली वाट माणसांनी भरली होती. पेटी आणि गाठोडी निसारनं टपावर चढवली. नजीरा खिडकीशी बसली होती, मांडीवर पदराखाली डबा. त्यात वाळा पुन्हा ठेवला होता, आणि पेटीतला दुसराही. गावाबाहेर पडल्यावर रस्त्याचे खड्डे सुरू झाले. पहिल्या धक्क्याला तिचा हात आपसूक झाकणावर घट्ट बसला, ख्वाजाचा बसायचा तसा. थोडं पुढं गेल्यावर तिनं तो काढून घेतला.

छुन छुन. आता दोन पायांचा आवाज होता.

कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला. निसारनं दोन तिकिटांचे पैसे पुढं केले. कंडक्टर तिच्या पदराकडं बघत होता.

"मावशी, लेकरू केवढं हाय? तिकीट पडंल का बघाय पायजे."

निसारनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्याच्याआधी नजीरा म्हणाली,

"अकरा म्हैन्याची हाय."

"मग न्हाय पडत," कंडक्टर म्हणाला. त्यानं दोन तिकिटं फाडून दिली आणि पुढं सरकता सरकता मागं वळला. "ऊन तिच्यावर येतंय बघा. पडदा तेवढा खाली घ्या."

नजीरानं खिडकीचा पडदा खाली ओढला.