चौथं चाक

परळीत गाडी उघड्यावर ठेवायची म्हणजे ती राखेच्या हवाली करायची. औष्णिक केंद्राची राख वाऱ्यावर येते, पत्र्यावर बसते, वरून पहाटेचं दव पडतं, आणि चार उन्हं खाल्ली की सिमेंटासारखी धरते. ती कोरड्या फडक्यानं पुसायला गेलं की रंगावर ओरखडे उठलेच समजा. गावातल्या निम्म्या गाड्यांची तोंडं अशीच ओरबाडलेली. उरलेल्या निम्म्या गंगाखेड रोडवर परमेश्वर बिडगरच्या वॉशिंग सेंटरला येत.

परमेश्वर मूळचा वडवणीकडचा. बाप मेंढरांमागं हिंडला, थोडे दिवस तोही हिंडला. मग परळीला आला, राखेचे ट्रक धुता धुता डागांचा जाणकार झाला. बायको मंजुषा जाऊन नऊ वर्षं झाली होती. लेक सुकन्या नांदेडला दिलेली, तिच्या संसारात ती बुडालेली. सेंटरच्या मागच्या खोलीत तो एकटाच राही. भाकरी दोन वेळची एकदाच थापायचा.

जानेवारीत दानम्माकाकूंची गाडी आली, ती जीपला दोर बांधून ओढत. चॉकलेटी रंगाची गाडी, पण रंग ओळखू येत नव्हता. काकूंचे मालक सिद्धेश्वरअप्पा मोंढ्याच्या बाजारात सरकीपेंडीचा धंदा करायचे. ते गेल्यापासून चार वर्षं गाडी दारातल्या कडुलिंबाखाली उभी होती. राख, लिंबाचा चीक, पाखरांची घाण, सगळं एकावर एक चढलेलं. अप्पांनी हौसेनं बसवलेली चकचकीत चाकं ब्रेकच्या भुकटीनं काळीठिक्कर पडलेली.

काकू मागून रिक्षानं आल्या. साठी ओलांडलेली बाई, कपाळाला विभूती, हातात पर्स.

"निघंल का हो हे?" त्यांनी विचारलं.

"निघंल, पण येळ लागंल. घाई केली तर रंग जातोय."

"आठ दिवस आहेत. पुढच्या रविवारी माझा रवि पुण्याहून येतोय. गाडी नेणार आहे. मलाही नेणार आहे."

शेवटचं वाक्य त्यांनी गाडीकडं बघत म्हटलं. मग विचारलं, "मी इथं बसले तर चालंल का? घरातलं सगळं बांधून झालंय. रिकाम्या घरात बसून करू तरी काय?"

परमेश्वरनं प्लास्टिकची खुर्ची पुसून सावलीत ठेवली.

पहिला दिवस नुसता भिजवण्यात गेला. जुनी सुती लुगडी ओली करून त्यानं टपावर, बॉनेटवर अंथरली, वाळली की पुन्हा पाणी मारलं. काकूंना वाटलं, हा माणूस कामच करत नाही. संध्याकाळी त्यानं लुगडं उचललं तेव्हा राखेचा थर लगद्यासारखा सुटून आला आणि खालून चॉकलेटी रंग दिसला. काकू खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके पातळ केलेल्या व्हिनेगरनं काढले. तिसऱ्या दिवशी दारांखालचं डांबर घेतलं. डिझेलमध्ये बुडवलेलं फडकं डागावर धरून ठेवायचं, घासायचं नाही, डांबर आपणच ढिलं होतं.

"एवढं डांबर कुठलं हो काकू?"

"अंबाजोगाईच्या रस्त्याचं," काकू लगेच म्हणाल्या. "रस्ता नवा होत होता. आम्ही लग्नाला गेलतो. मी म्हणत होते, सावकाश घ्या, सावकाश घ्या. ऐकतात होय! लग्नात जेवतानासुद्धा आमचं भांडण चालू."

त्या हसल्या. परमेश्वरही हसला. आपला आवाज त्यालाच परका वाटला.

मग रोज तेच व्हायला लागलं. तो डाग दाखवायचा, काकू त्याचं मूळ सांगायच्या. काही डाग त्यांनाही ठाऊक नसायचे. मग त्या अंदाज करायच्या आणि तो मान हलवायचा. अकरा वाजता त्या थर्मासमधला चहा काढायच्या. बॉनेटवर पाखरांच्या घाणीचा एक डाग रंगाच्या आतपर्यंत गेला होता. परमेश्वरनं पॉलिशचं कंपाउंड लावून हातानं दोन तास घोटलं, तरी हलेना.

"हा ऱ्हाणार, काकू. वरचा रंगच खाल्लाय."

"राहू द्या. बाकी किती निघालं!"

पाचव्या दिवशी चाकं उरली. भुकटी सुटायचं औषध मारलं की चाकावरून जांभळं पाणी गळायचं. मग जुन्या दातांच्या ब्रशनं एकेक फट घासायची. दुपारी चारपर्यंत तीन चाकं आरशासारखी झाली. चौथं तासाभराचं काम होतं. परमेश्वर ब्रश घेऊन त्याच्यासमोर बसला आणि तसाच बसून राहिला. हे चाक झालं की गाडी झाली. गाडी झाली की खुर्ची आत जाणार.

"हे जरा चिवट हाय," तो म्हणाला. "रातभर भिजू द्यावं लागंल. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी त्यानं चाक थोडं घासलं आणि औषध संपल्याचं सांगितलं. औषधाचा डबा खोलीत दाराशीच अर्धा भरलेला होता. काकू काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी शेजारच्या गॅरेजातल्या माऊलीनं नवी बॅटरी बसवली, हवा भरली, आणि चार वर्षांनी गाडी खोकत खोकत चालू झाली. काकूंनी डोळ्यांना पदर लावला, पण लगेच काढला.

सातव्या दिवशी, शनिवारी, परमेश्वरनं पुन्हा चाकावर पाणी मारलं आणि पुन्हा "चिवट हाय" म्हणाला.

"परमेश्वर," काकू म्हणाल्या, "आधीची तीन एका दिवसात निघाली होती."

त्याच्या कानांना ऊन लागल्यासारखं झालं. पन्नाशी उलटलेला बाप्या माणूस, पण चोरी पकडलेल्या पोरासारखा खाली बघत राहिला.

"चुकलं, काकू."

"मी कुठं चुकलं म्हणते? मलाही औषधाचा डबा दिसला होता. मी का बोलले न्हाई काल?" त्यांनी पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "पण रवि उद्या येतोय. तेवढं चाक काढा आणि मला नागापूरच्या धरणापर्यंत घेऊन चला."

तासाभरात चाक झालं. परमेश्वरनं हात धुतले, धुतलेला सदरा घातला. काकू पुढंच बसल्या, डाव्या बाजूला, नेहमीच्या सवयीनं. वाटेत एका वळणावर "सावकाश" म्हणाल्या. तो तसाही सावकाशच चालवत होता.

धरणावर वारा होता, माणूस नव्हतं. काकू उतरल्या नाहीत. काच खाली करून पाण्याकडं बघत राहिल्या.

"पुण्याला गेले की सगळे लई जपतात," त्या म्हणाल्या. "जेवलात का, गोळी घेतली का, पाय दुखतोय का. तुम्ही मला डांबर कुठलं ते विचारलंत."

परमेश्वर म्हणाला, "मी सेंटर बंद केलं की सकाळपर्यंत तोंड उघडत न्हाई, काकू. नऊ वर्षं झाली."

"मग उघडत जा."

"कुणापाशी?"

काकूंनी काच वर केली. ऊन उतरायला लागलं तशी त्यानं गाडी फिरवली.

रविवारी रवि आला. भला मुलगा होता. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, फोटो काढले, "काका, कमाल केलीत" म्हणाला, नंबर घेतला, नंबर दिला. काकू गाडीत बसल्या. "येते," एवढंच म्हणाल्या. गाडी गंगाखेड रोडला लागली, आणि परमेश्वर पुढच्या गिऱ्हाइकाच्या जीपखाली शिरला. तिच्या बुडाला ओल्या मातीचे पोपडे धरले होते.

पाडव्याच्या संध्याकाळी त्याला राहवलं नाही. काकूंचा नंबर त्याच्याकडं नव्हता, रविचा होता. त्यानं तीनदा काढला, तीनदा ठेवला, चौथ्यांदा लावला.

"कोण? अच्छा, परळीचे काका! बोला, काही राहिलंय का गाडीचं?"

"न्हाई, न्हाई. राहिलं काहीच न्हाई. पाडव्याचा फोन केलता. काकू बऱ्या हायेत ना?"

"मस्त आहे. आत्ताच पडलीय जरा. उठवू का?"

"नको, नको. पडू द्या."

मग परमेश्वर म्हणाला, "गाडी कुठं लावता?"

"खाली बेसमेंटमध्ये. धूळसुद्धा बसत नाही."

"तरी पंधरा दिवसाला पाणी मारा. चाकाला विसरू नका."

"नक्की. आईला सांगतो तुमचा फोन आल्याचं."

रविनं सांगितलं की नाही, ते परमेश्वरला कधी कळलं नाही. फोन खिशात ठेवून तो खोलीत गेला, परातीत पीठ घेतलं. पहिली भाकरी तव्यावर टाकल्यावर त्याच्या तोंडून मोठ्यानं निघालं, "अंबाजोगाईच्या रस्त्याचं डांबर होतं ते." खोलीत ऐकायला कुणी नव्हतं. त्यानं भाकरी उलटली आणि नव्या रस्त्यापासून लग्नातल्या भांडणापर्यंतची सगळी गोष्ट, काकूंनी सांगितली होती तशी, शेवटपर्यंत सांगितली.