मित्रजींचा अंगठा

बोईसरच्या त्या लग्नाच्या हॉलबाहेर चपलांचा ढीग पायऱ्यांवरून रस्त्यावर आला होता. आतून माणसं डोळे पुसत बाहेर येत होती. कारखान्यातला कुणी सुपरवायझर भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडत होता. "दिसला," एवढंच म्हणत होता. "उजेड दिसला."

माझ्या सासूबाईंनाही तो दिसला होता. म्हणून तर मी माझ्या लेकीला, दिशाला, कडेवर घेऊन सातपाटीहून त्यांच्यासोबत आले होते.

हॉलमध्ये काळे पडदे, समोर मित्रजी. बाबा म्हटलेलं त्यांना चालत नसे. "मी बाबा नाही, तुमचा मित्र," कानाला लावलेल्या माइकमधून ते मधाळ आवाजात सांगत. "देऊळ, नारळ, दिवा हा धर्म. तो बाहेरचा. अध्यात्म आतलं. औषधसुद्धा बाहेरचंच, नाही का?" मग एकेकाला समोर बसवून, डोळे मिटायला लावून, पापण्यांवर अंगठे दाबत. मिटल्या डोळ्यांत निळी-सोनेरी वर्तुळं फुलत. तो म्हणे आत्म्याचा प्रकाश.

सासूबाईंना काचबिंदू आहे. त्यात डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेनं विझत जाते. बोंबील वाळत घालताना शेजारीण लाडकी बाजूला येऊन उभी राहिली तरी त्यांना कळत नाही. रोज थेंब घालायचे, म्हणजे उरलेली नजर टिकते. पण मित्रजींकडे जायला लागल्यापासून थेंबांची बाटली तशीच पडून होती. देव्हाऱ्यातला सांजेचा दिवाही बंद झाला होता. दर्पण, माझा नवरा, बोटीवर गेलेला. मी समजावलं, रागावले, एकदा रडलेही. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला अंधार पडत चाललाय गो. तिकडं उजेड दिसतो. तुजं ऐकू का माज्या डोल्यांचं?"



हॉलमधल्या रांगेत दिशा पेंगुळली आणि मुठींनी डोळे चोळायला लागली. चोळता चोळता थांबली.

"मम्मी, माझ्यात पण उजेड आला. निळा. गोल गोल."

मागची बाई हसली. मग तिनं हळूच स्वतःच्या पापणीवर बोट टेकवलं आणि तिचं हसू थांबलं. तिच्या मागच्यानंही तेच केलं. "अरे, इधर भी है," रांगेतला एक कामगार म्हणाला. सासूबाईंचा हात वर जायच्या आत मी तो घट्ट धरून ठेवला; त्यांच्या डोळ्यांवर आणखी दाब नको होता.

मित्रजी क्षणभरच थबकले. "बालक शुद्ध असतं. तिला आपोआप दर्शन झालं."

"आणि या सगळ्यांना?" मी विचारलं. "यांना तर तुमचा अंगठा लागलाच नाही."

मित्रजींनी मोठ्यानं भजन लावायला सांगितलं. आतल्या अध्यात्माच्या मदतीला बाहेरचे स्पीकर धावून आले. तरी अर्धा हॉल रिकामा झाला, अर्धा तिथेच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना पालघरला नेलं. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. डोळ्याच्या मागच्या पडद्याला फक्त उजेडच कळवता येतो, त्या म्हणाल्या. त्याला दाबलं, चोळलं, धक्का बसला, तरी तो मेंदूला उजेडच कळवतो. साधूचा डोळा असो नाहीतर चोराचा. "आणि काचबिंदूच्या डोळ्यावर अंगठे?" त्यानं तर आतला दाब आणखी वाढतो. तपासणी झाल्यावर म्हणाल्या, गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली सांभाळू.

परतताना रिक्षात सासूबाईंनी विचारलं,

"म्हंजे मला दिसलं ते खोटं व्हतं?"

"दिसलं ते खरं, आई. त्यानं सांगितलं ते खोटं."

त्यांनी तोंड बाहेर वळवलं.

धर्म कुठे संपतो आणि अध्यात्म कुठे सुरू होतं, हे मला नीट सांगता येणार नाही. सासूबाई आता पुन्हा दिवा लावतात, त्यापुढे गप्प बसतात. तेव्हा त्यांना काय दिसतं, मी विचारत नाही. त्या बसण्यानं कुणाचं काही जात नाही. पण धर्माच्या नाहीतर अध्यात्माच्या नावानं कुणी औषध सोडायला सांगितलं, तर तिथूनच मागे फिरा. अनुभव आपला असतो, त्याचा अर्थ दुसऱ्याकडून उसना घेण्याआधी जाणकाराला विचारा.

दिव्यानंतर थेंबांची बाटली दिशा आणून देते. आजकाल ती आजीच्या अगदी समोर येऊन उभी राहते. बाजूला उभं राहिलं तर आजीला दिसत नाही, हे तिला आम्ही कुणीच सांगितलेलं नाही.