सात नंबरचं लाल फडकं

रामटेक्यांनी ओलं फडकं सायलेन्सरच्या तोंडावर दाबून धरलं. धूर बाहेर पडायला वाट नसली की इंजिन गुदमरून बंद पडायला हवं. सात नंबरची गाडी बंद पडली नाही. उलट पुढून, इंजिनाच्या पोटाजवळून, फट्-फट् आवाज वाढला.

"सांधा फुटलाय," ते म्हणाले.

"काका, ते नंतर बघू ना," शेडच्या दारातून प्रतीक म्हणाला. "सर साडेदहाला येतायत. त्याआधी वहीत एक लाइन हवी."

रामटेक्यांनी इंजिन बंद केलं आणि टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसले. पाइप इंजिनाला जिथे जुळतो तिथलं गॅस्केट जळून गेलं होतं. सांध्याभोवती काजळीचा पट्टा होता. यातलं काहीच नवीन नव्हतं. परवा, सोळा तारखेला, त्यांनी हेच पाहिलं होतं आणि हेच वहीत लिहिलं होतं. तरी त्यांनी पुन्हा सगळं तपासलं, कारण काल याच पाइपाने गाड्या धुणाऱ्या प्रभाचा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला होता.

गुरुग्रामचे टॉवर संपून अरवलीचे दगड सुरू होतात तिथे हे पार्क होतं. दहा गाड्या होत्या. चार जाड टायरांच्या, बिनटपाच्या, घोड्यावर बसतात तशी मांड टाकून चालवायच्या. शनिवार-रविवारी कंपन्यांचे ग्रुप यायचे, धुळीत पाच फेऱ्या मारायचे, फोटो काढायचे. यशवंत रामटेके इथले मिस्त्री. मूळचे भंडाऱ्याचे. चोवीस वर्षं सैन्याच्या वर्कशॉपमध्ये काढून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दिल्लीतल्या द्वारकेला मुलीकडे राहू लागले. तिथून रोज पावणेदोन तास प्रवास करून ते आठला शेड उघडत.

सात नंबरचं दुखणं ऑगस्टात सुरू झालं. पार्कचे मालक नीरज यांना तिचा आवाज कमी वाटला. "आवाज़ नहीं आएगी तो कस्टमर को लगेगा स्कूटी चला रहा है," ते म्हणाले होते आणि सायलेन्सरच्या आतली जाळी काढायला सांगितली होती. रामटेक्यांनी नकार दिला. तेव्हा बाहेरचा मिस्त्री आला आणि त्याने जाळी काढली. सायलेन्सर मोकळा झाला, इंजिनात हवा जास्त जाऊ लागली, पेट्रोल मात्र तेवढंच राहिलं. असं इंजिन कोरडं जळतं. अर्ध्या तासात पाइप लाल व्हायला लागला. पाइपावर हात-पाय लागू नये म्हणून एक पत्रा असतो. तो सैल होऊन खडखडायला लागला. दोन बोल्टचं काम होतं. मालकांनी पत्राच काढून टाकायला लावला.

सोळा तारखेला रामटेक्यांनी वहीत तिसऱ्यांदा लिहिलं, "गॅस्केट जळलं, पत्रा नाही, पाइप लाल होतो, गाडी चालवू नये." आणि सात नंबरच्या हँडलला लाल फडकं बांधलं. सैन्यातली सवय होती. लाल खूण बांधलेल्या गाडीला कुणी हात लावायचा नाही, आणि ज्याने बांधली त्यानेच ती सोडायची. चोवीस वर्षांत ही गोष्ट कुणाला समजावून सांगायची वेळ आली नव्हती.

सतराला ते सुट्टीवर होते. सुट्टी त्यांनी मागितली नव्हती. गेल्या वर्षी गाड्या-अवजारांच्या विश्वकर्मा पूजेला त्यांनी हात जोडले नाहीत, टिळा लावून घेतला नाही. एका कोपऱ्यात उभे राहून पूजा संपायची वाट पाहिली होती, एवढंच. या वर्षी मालक हसत म्हणाले, "हवालदार साहब, कल आप आराम कर लो. आपको भी अच्छा नहीं लगता, हमें भी."

रामटेके उठले. त्यांनी तेरा नंबरचा पाना घेतला आणि सात नंबरचा पाइप उतरवायला लागले.

"काका, ऐका ना यार," प्रतीक आत आला. "सोळाच्या एंट्रीखाली फक्त लिहायचं, 'दुरुस्त केली, ओके.' सही. बस."

"तारीख?"

"सोळाचीच."

"म्हणजे गाडी चांगली होती, आणि बाईच आंधळी होती."

"तसं नाही हो. ती घाईत धूत होती. रिपोर्टमध्ये मी सॉफ्ट लिहिलंय. 'कर्मचाऱ्याच्या अनवधानाने.'"

प्रतीक लातूरकडचा. कलेक्टर व्हायला दिल्लीत आला, मुखर्जीनगरच्या खोलीत पाच वर्षं राहिला, आणि आता इथे मॅनेजर होता. भाषा चांगली होती म्हणून पार्कचे सगळे कागद तोच लिहायचा.

"किती वेळा बसलास रे परीक्षेला?" रामटेक्यांनी पाना न थांबवता विचारलं.

"चार. आता त्याचं काय?"

"त्यात नीतिमत्तेचा पण एक पेपर असतो ना?"

"असतो. माझे त्यातच सगळ्यात जास्त मार्क होते," प्रतीक म्हणाला. मग चिडला. "मला टोमणे मारून काय होणार? आणि सगळा दोष सरांचाच आहे असं नका समजू. बाहेर जाऊन गाड्या बघा जरा."

"काय बघू?"

"हँडल बघा."

रामटेके बाहेर आले. नऊ गाड्या रांगेत उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हँडलला जरीच्या काठाची लाल चुनरी होती.

"काल पूजेत सगळ्यांना बांधल्या," प्रतीक मागून म्हणाला. "सातला आधीच लाल कापड होतं. पंडितजी म्हणाले, इसको तो किसी ने पहले ही बाँध दिया. त्याच्यावरच टिळा लावला. दुपारी ग्रुप आला, दहाही गाड्या बाहेर काढल्या. कुणाला काय माहीत काका, तुमचं कापड म्हणजे काय?"

रामटेके शेडमध्ये परतले. त्यांचं फडकं सात नंबरच्या हँडलला तसंच होतं, ग्रीसने काळवंडलेलं. त्याच्या मधोमध कुंकवाचं बोट उमटलं होतं. त्यांनी ते सोडलं. गाठ त्यांचीच होती. त्यांना वाटलं, पाना उचलून शेडच्या पत्र्याच्या भिंतीवर फेकावा. त्यांनी तो खिळ्याला अडकवला.

बोल्ट आधीच निघाले होते, पाइप हातानेच उतरला. तो त्यांनी बाकावर आडवा ठेवला. मधला भाग निळा-जांभळा पडला होता. एका जागी चामडीचा पापुद्रा चिकटून करपला होता.

"इकडे ये," ते म्हणाले. "हे बघ."

प्रतीकने बघितलं आणि मान फिरवली.

"अनवधान," रामटेके म्हणाले. "लिही."

नीरज आले तेव्हा त्यांनी गॉगलही काढला नाही. "पाइप क्यों खोला? ग्यारह बजे बुकिंग है."

"ये गाड़ी नहीं जाएगी."

"हवालदार साहब, प्रतीक ने बताया होगा. एक लाइन लिखनी है."

"एक लाइन में नहीं आएगा, सर."

"देखो, कपड़ा आपका था. बिना बताए बाँधा, छुट्टी पर चले गए. ग़लती किसकी हुई?"

"एक मेरी," रामटेके म्हणाले. आवाज चढला नव्हता. "जाली किसने निकलवाई? पत्रा किसने हटवाया? तीन बार लिखा, किसने पढ़ा? दस मिनट में पाँच गाड़ियाँ धोने को किसने कहा? और मुझे छुट्टी किसने दी, सर? मैं यहाँ होता तो ये गाड़ी शेड से बाहर निकलती?"

नीरज यांनी प्रतीककडे पाहिलं. प्रतीक मोबाइलमध्ये बघत होता.

"पाइप फ़िट करो और हिसाब लेकर जाओ."

"हिसाब ले लूँगा. फ़िट नहीं करूँगा."

"मिस्त्री बहुत हैं," नीरज म्हणाले आणि फोन कानाला लावत बाहेर गेले. दुपारपर्यंत दुसरा येणार, हे रामटेक्यांना कळलं. पाइप तासाभरात परत बसेल हेही.

ते बाकावर बसले आणि वही उघडली. सोळाच्या नोंदीला हात लावला नाही. नव्या पानावर अठरा तारीख घातली आणि सैन्यात लिहीत तसं हिंदीत, एकाखाली एक लिहिलं. जाळी मालकाच्या हुकमाने काढली. पत्रा मालकाच्या हुकमाने काढला. चालवू नये असं तीनदा लिहूनही गाडी चालवली. मग थोडा वेळ थांबून चौथी ओळ लिहिली: लाल कापडाचा अर्थ मी इथे कुणालाही सांगितला नव्हता, ही चूक माझी. खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

दारात प्रभा उभी होती. डाव्या हाताला कोपरापासून पट्टी होती, वर दुधाची रिकामी पिशवी रबराने बांधलेली.

"तू क्यों आई?"

"नागा किया तो दूसरी रख लेंगे, भाई साहब." तिने वहीकडे मानेने खूण केली. "मेरा लिखा?"

"लिखा."

"पढ़ो."

त्यांनी वाचलं. ती उंबऱ्याशी उभी राहून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "इसमें तो गाड़ी का लिखा है. सात नंबर, सात नंबर. मेरा नाम कहाँ है?"

रामटेक्यांनी पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. नाव नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी अशा वहीत गाडीचा नंबर लिहिला होता, बिघाड लिहिला होता, माणसाचं नाव लिहायला रकानाच नव्हता.

त्यांनी पेन उघडलं. सहीच्या वर बोटभर जागा होती. "प्रभा," ते लिहू लागले.

"प्रभा देवी," ती म्हणाली. "और कौन सा हाथ, वो भी."

त्यांनी लिहिलं. तिने उजव्या हाताने कमरेचा मोबाइल काढून त्यांच्यापुढे धरला. "फोटो निकाल दो. मुझसे एक हाथ से नहीं होगा."

त्यांनी फोटो काढला. तिने स्क्रीन जवळ नेऊन पाहिली. तिला एक अक्षरही वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ पाहिली.

"नाम किधर है?"

त्यांनी बोट ठेवून दाखवलं.

बाहेर प्रतीकने तिला हाक मारली. पहिल्या गाड्या धुवायच्या होत्या. प्रभाने मोबाइल परत खोचला, पिशवीचं रबर दातांनी ओढून घट्ट केलं आणि भाजलेला हात छातीशी धरून पाण्याचा पाइप उचलायला गेली.