ल्युबेनचा अर्धा डाव

मेतोदी चौथ्या मजल्यावर राहतो. कोणाचा कॉम्प्युटर कुरकुरतोय असं नुसतं कानावर आलं, की हा खिशातला पेनड्राइव्ह चाचपत दारात हजर. त्याची बायको त्याला सोडून बुर्गासला बहिणीकडे गेली ती लोकांच्या यंत्रात विंडोजऐवजी लिनक्स घालायच्या या वेडापायीच, असं आमच्या जिन्यात बोलतात. मी बोलत नाही, पण मला ते खोटंही वाटत नाही.

"शेजारीणबाई, तुमची विंडोज म्हणजे मेलेलं गाढव," दारातूनच तो म्हणाला आणि त्याने जीभ चावली. दारावर ल्युबेनचा, माझ्या नवऱ्याचा, कागद होता; माणूस गेला की आमच्याकडे असा कागद दारावर डकवतात आणि जाऊन किती काळ झाला ते वर लिहितात. फोटो, नाव, "तुझी रुमेना" म्हणजे मी, आणि वर ठळक अक्षरांत दीड वर्ष. जुना उन्हाने पिवळा पडला होता, म्हणून मी त्याच आठवड्यात नवा डकवला होता.

"या आत," मी म्हटलं. "गाढवाला राग येत नाही."

लॅपटॉप ल्युबेनचा. आमची बिल्याना वालेन्सियाला असते आणि दर रविवारी मी तिचा चेहरा यावर बघायचे. मध्यंतरी यंत्राने मान टाकली; म्हणे इतक्या जुन्या विंडोजवर आता चित्राचा फोन चालत नाही. साध्या फोनवर आवाज येतो, पण आवाजाचं काय घेऊन बसलात, तापाने फणफणलेला माणूसही आवाज ठणठणीत काढतो. मला पोरीचं तोंड बघायचं होतं. "नवा घे ना, आई," ती म्हणते. नवा मला नको होता.

"ल्युबेनचं काही हलता कामा नये," मी मेतोदीला बजावलं.

"कशाला हलेल? एका घरात दोन बिऱ्हाडं. मध्ये भिंत घालून देतो. त्यांचं त्यांच्याकडे, तुमचं तुमच्याकडे. सुरू करताना यंत्रच विचारेल, कुणाकडे जायचं."

पेनड्राइव्ह लावून तो खटाखट बटणं दाबत बसला. मग थांबला. टक्कल खाजवलं.

"भिंत घालू देत नाहीये. विंडोज झोपलेली आहे म्हणतं. आधी तिला उठवा आणि पूर्ण बंद करा. शेवटचा पूर्ण बंद कधी केला होतात हो?"

"ल्युबेन कधीच करायचा नाही. झाकण लावायचा, बस. यंत्र सगळं होतं तसं लक्षात ठेवून झोपायचं."

"आणि तुम्ही?"

"मीही झाकणच लावते."

मग सांगावं लागलं. त्या दिवशी ल्युबेन पत्ते खेळत होता, एकट्याने लावायचा तो डाव. पाव आणतो म्हणाला, झाकण लावलं, खाली उतरला आणि दुकानाच्या दारातच कोसळला. डाव अजून तसाच उघडा आहे. मी झाकण उघडायचे, बिल्यानाशी बोलायचं तेवढं बोलायचे, मागे तो डाव असायचा. एकाही पत्त्याला मी हात लावलेला नाही.

मेतोदीने बटणांवरचे हात काढून घेतले. मग तो हळूच म्हणाला, "एक उपाय आहे. बाहेरूनच ती झोप पुसून टाकता येते. तुम्हाला बघावंही लागणार नाही."

"त्याच्या पाठीमागून? नाही जमायचं. तुम्ही स्वयंपाकघरात जा. कॉफी ठेवा. माझ्यात साखर नको."

तो गेला. मी विंडोज उठवली आणि डाव समोर आला. इस्पिकच्या दश्शीवर चौकटची नव्वी सरळ सरळ जात होती आणि या बाबाला दिसली नव्हती. चष्मा घाल, चष्मा घाल, म्हणून मी किती कंठशोष केला असेल! मी नव्वी उचलून ठेवली. मग अठ्ठी. एक राणी सुटली. मला हुरूप आला. म्हटलं, मी जिंकून देते तुला. आणखी दोनचार पत्ते सरकले असतील नसतील, तोच पडद्यावर एक पाटी दाखवून यंत्राने सांगितलं की आता एकही चाल उरलेली नाही.

म्हणजे डाव हरलेलाच होता. ल्युबेन असता तर त्याने खांदे उडवले असते आणि नवा वाटला असता. आणि मी दीड वर्ष त्या डावावर पहारा देत बसले होते, घरात कुणी झोपलं असावं तशी. मी रडले. स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतकं रडले. कॉफी उतू गेल्याचा वास आला, पण मेतोदी बाहेर आला नाही. एवढी अक्कल त्याला आहे.

मग मी डाव बंद केला, आणि यंत्रही पूर्ण बंद केलं. त्याच्या आतला पंखा फिरायचा थांबला.

पुढचं सगळं मेतोदीने केलं. मधे पाव आणि भाजलेल्या मिरच्यांची चटणी खाल्ली, मीठ कमी आहे म्हणाला. जेवणाच्या वेळेपर्यंत काळ्या पडद्यावर दोन नावं आली, एकाखाली एक; एक माझ्या लिनक्सचं, एक ल्युबेनच्या विंडोजचं. खाली आकडे उलटे पळत होते.

"काही निवडलं नाही तर वरचं आपोआप सुरू होतं," तो म्हणाला. "वर कोण हवं? तुम्ही की ल्युबेन?"

"ते आकडे बंद होतात का?"

"होतात. पण मग ते नुसतंच थांबून राहील. तुम्ही येऊन बटण दाबेपर्यंत. दिवसभरसुद्धा."

"राहू दे की थांबून. या घरात माझी वाट बघणारं दुसरं आहे कोण?"

मला वाटलं, आता काहीतरी टोमणा मारेल. त्याने आकडे बंद केले, पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला.

"मीही माझ्याकडे तसंच ठेवलंय," तो म्हणाला. "ती बुर्गासला गेल्यापासून."