झिजलेली बाजू

मित्रांनो, मी जेवणाचे एक जुने टेबल आहे. खरे बोलायचे तर आता अर्धेच टेबल आहे. माझा दुसरा अर्धा भाग कसा गेला ते पुढे सांगतो. माणसे घर घेतात, घर वाढवतात आणि वय झाले की घर लहान करतात. पहिल्या दोन्ही वेळी आमच्या घरात हसू होते. मला सांगायची आहे ती तिसऱ्या वेळेची गोष्ट, पण ती सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय तुम्हाला कळायची नाही.

मला ज्यांनी घडवले ते धंद्याने सुतार. त्यांची मुले त्यांना बाबा म्हणत. मीही बाबाच म्हणतो, कारण माझेही ते बापच. लग्न झाल्यावर बाबांनी आणि आईने गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांचे घर विकत घेतले. भिंतींना पोपडे, खिडकीला काच नाही, नळाला पाणी आले तर आले. "घर कसलं, खोकं आहे हे," असे आई म्हणाली खरी, पण त्या दिवशी किल्ली तिने हातातून खाली ठेवली नाही. पुढे मुलगी झाली, मग मुलगा झाला, आणि बाबांनी मागच्या अंगणात तिसरी खोली काढली. भिंती उभ्या राहिल्या, वर छप्पर चढले, आणि दाराची चौकट बसायच्या आधीच बाबा लांबलचक फळ्या घेऊन आत शिरले. आधी टेबल आणि मग दार! शेजारीपाजारी म्हणाले, "मिस्त्री, आधी कळस मग पाया चाललाय तुमचा."

मला घडवताना बाबांनी एक खिळा वापरला नाही. लाकडात लाकूड बसवले. रंधा मारून झाला की ते डोळे मिटायचे आणि कडेवरून अंगठा फिरवायचे. "डोळे फसतात, अंगठा फसत नाही," असे ते मुलीला सांगायचे. अंगठ्याला काही लागले की पुन्हा रंधा. मी पुरा झालो, चौकट बसली, दार लागले, तेव्हा आई दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो, हे बाहेर कसं काढणार? दार केवढं, टेबल केवढं!"

"बाहेर काढायचं कशाला? आपण काय हे घर सोडून जाणार आहोत?"

"नाकापेक्षा मोती जड," आई म्हणाली, आणि दोघेही हसत सुटले.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. माझ्यावर जेवणे झाली, बेरजा-वजाबाक्या झाल्या, इस्त्री झाली, मुलीचे कपडे बेतले गेले, मुलाचा ताप मोजला गेला. पाहुणे आले की माझ्यावर थाप मारून म्हणायचे, "काय टेबल आहे हो, हत्ती उभा केला तरी हलायचं नाही!" मी आतून फुगायचो. पाहुण्यांना बसवायचे ते खिडकीच्या बाजूला, म्हणून ती बाजू कायम चकचकीत. बाबा बसायचे भिंतीच्या बाजूला. जेवून झाले की ते तिथून उठत नसत. गप्पा मारता मारता त्यांचा अंगठा माझ्या कडेवरून मागे-पुढे फिरत राहायचा. वर्षानुवर्षे तो फिरला, आणि तिथे लाकूड झिजून बरोबर अंगठ्याएवढी खळगी पडली. त्या बाजूला सरसाचे डाग होते, चहाच्या कपांची वर्तुळे होती. दिसायला ती बाजू ओबडधोबडच, पण मला विचाराल तर माझा जीव तिथे होता.

मुले मोठी झाली. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, मुलगा नोकरीसाठी त्याच शहरात गेला. दोघांनी आपापली घरे घेतली. माझ्यावर आता दोनच ताटे पडू लागली. उरलेल्या जागेवर औषधांचे डबे, जुनी वर्तमानपत्रे आणि कुणी न घातलेले स्वेटर साठत गेले. मी त्याचे वाईट वाटून घेतले नाही. भिंतीकडची बाजू आईने कधी अडवली नव्हती.

मग बाबा विसरू लागले. आधी हत्यारांची नावे गेली. पटाशीला ते "ते, ते आपलं ते" म्हणायचे. मग रस्ते गेले. एके दिवशी दुपारची झोप काढून उठले, या खोलीतून त्या खोलीत आले आणि आईला म्हणाले, "कुणाचं घर आहे हे? मला माझ्या घरी जायचंय." आईच्या काळजाचे पाणी झाले. तिने त्यांना दंडाला धरून आणले आणि नेहमीच्या जागी माझ्यापाशी बसवले. बाबांचा हात कडेवर आला, अंगठा सरकत सरकत खळगीत जाऊन बसला. बाबांचे खांदे सैल झाले. त्यांनी वर पाहिले आणि म्हणाले, "अगं, चहा टाकतेस ना?"

त्या दिवसापासून आईला ते औषध सापडले. बाबा भांबावले की ती त्यांना माझ्यापाशी बसवायची. मला इतका अभिमान आयुष्यात कधी वाटला नव्हता, पाहुण्यांनी थाप मारली तेव्हाही नाही. मात्र आईने हे मुलांना सांगितले नाही. मुलांचा फोन आला की म्हणायची, "बरे आहेत हो. थोडं विसरतात, वय झालं ना." तिला भीती होती, पोरे म्हणतील बाबांना कुठे तरी ठेवू या. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे तिचे गणित होते. त्या मुठीत काय होते ते फक्त तिला आणि मला ठाऊक होते.

पण एकदा आई अंगणात घसरून पडली आणि मुलीने निक्षून सांगितले, "आई, आता पुरे. हे घर विका. माझ्या इमारतीतच एक छोटा फ्लॅट रिकामा होतोय. मी खाली, तुम्ही वर." मुलीचे म्हणणे खोटे नव्हते. आईने खूप दिवस मान डोलावली नाही. मग एकदाची डोलावली.

घर पाहायला माणसे येऊ लागली. शेवटी एक तरुण जोडपे आले, कडेवर बाळ. त्यांचे हे पहिलेच घर. ती तरुणी प्रत्येक भिंतीला हात लावत फिरत होती. माझ्यापाशी आली आणि लाजत म्हणाली, "काकू, हे टेबल इथेच राहू द्या ना. दारातून तरी कुठे जाणार आहे ते?"

"टेबल नाही द्यायचं," आई एवढ्या तुटकपणे म्हणाली की ती पोरगी ओशाळली. आणि आईने मुलाला बजावले, "सगळं सोड, पलंग सोड, कपाटं सोड. टेबल आल्याशिवाय मी तिथे पाऊल ठेवणार नाही."

"अगं, नव्या घरात मावणार कसं?"

"ते मला माहीत नाही. टेबल आलं पाहिजे."

का, ते तिने तेव्हाही सांगितले नाही.

मुलगा गुणी. आईचा शब्द मोडायचा नाही, एवढेच त्याला ठाऊक. आवराआवरीचा त्रास नको म्हणून त्याने आईबाबांना आधीच बहिणीकडे पाठवले, नव्या घराची मापे घेतली आणि एका सुताराला बोलावले. सुताराने मला वरून-खालून पाहिले आणि म्हणाला, "जुन्या हाताचं काम आहे साहेब. कापायचं जिवावर येतंय."

"मलाही येतंय. पण इलाज नाही. आईला हेच हवंय."

"मधोमध कापू आणि काढलेले पाय इकडे लावून देऊ. कुठली बाजू ठेवायची?"

मुलगा वाकून बघू लागला. मित्रांनो, लाकडाला तोंड असते तर मी त्या दिवशी ओरडलो असतो. त्याने खिडकीकडची चकचकीत बाजू पाहिली, मग भिंतीकडची. खळगीवरून त्याने बोटही फिरवले. "ही ठेवा, ही चांगली आहे," तो खिडकीच्या बाजूवर हात ठेवून म्हणाला. "ती पार झिजलीय. ती जाऊ द्या."

करवतीचे दुःख मी सांगत बसत नाही. माझा अर्धा भाग जुन्या पत्र्यांबरोबर भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेला. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्या दारातून बाहेर पडलो.

नव्या घरात मुलाने मला पॉलिश करून घेतले. आईबाबांना आणले तेव्हा तो दारातच म्हणाला, "आई, बघ! आणलं की नाही?" आईचा चेहरा उजळला. ती लगबगीने पुढे आली, कडेवर हात फिरवत एका बाजूने गेली, वळून दुसऱ्या बाजूने आली. पुन्हा गेली. मग तिने हळूच विचारले, "दुसरी बाजू?"

"ती झिजली होती गं. चांगली तेवढी ठेवली."

आईने त्याच्याकडे पाहिले. पोराच्या कपाळावर घाम होता, हाताला पॉलिशचा वास होता. "छान केलंस हो," ती म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली. नळ बराच वेळ वाहत होता.

तिने बाबांना माझ्यापाशी बसवले. त्यांचा अंगठा कडेवर आला. सरकत गेला, थांबला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. जिथे करवत फिरली होती ती कड त्यांना टोचली. त्यांनी हात काढून घेतला.

"कुणाचं टेबल आहे हे?" त्यांनी विचारले. "आपण घरी कधी जायचं?"

तेव्हा आईने मूठ उघडली. मुलाला सगळे सांगितले. तो खुर्चीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग जुन्या गल्लीत गेला, भंगारवाल्याला गाठले, लाकडाच्या वखारी पालथ्या घातल्या. लाकूड केव्हाच कुणाच्या चुलीत गेले होते. करायला गेला एक आणि झाले भलतेच; पण दोष कुणाच्या पदरात टाकू? त्या घरात वाईट असे कुणीच नव्हते.

हल्ली दुपारी बाबा माझ्यापाशी येतात. करवतीची कड चाचपतात आणि नापसंतीने मान हलवतात. "घाईत कापलंय कुणी तरी. पॉलिश पेपर आहे का, बाई?" आई पॉलिश पेपर आणून देते. बाबा डोळे मिटून कड घासत बसतात. हात अजून तोच आहे. मी त्यांना ओळखतो, ते मला ओळखत नाहीत. ऊन कलले की ते भुसा झटकतात, कागदाची घडी करतात आणि उठतात.

"उरलेलं उद्या करतो, बाई. निघतो आता."

आई दार अडवून उभी राहते. "मिस्त्री, आज इथेच थांबा. काम अजून बरंच आहे."

"नको, नको. घरी बायको एकटी आहे. मी गेल्याशिवाय ती जेवत नाही."

"त्यांना निरोप धाडलाय मी."

बाबा थांबतात. "काय म्हणाली ती?"

"म्हणाल्या, सावकाश या म्हणावं. मी वाट बघतेय."

मग कुठे ते बसतात.

मित्रांनो, कधी तरी तुमच्यावरही मोठे घर आवरून लहान घरात जायची वेळ येईल. मोजपट्टी जरूर लावा. काय मावते, काय मावत नाही ते बघा. पण करवत उचलण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, तुम्ही रोज बसता कुठे, तुमचा हात कुठे टेकतो. आणि तुम्हीच म्हातारे असाल तर संकोच करू नका, मुलांना खरे काय ते सांगून टाका. आमच्या घरात कुणी विचारले नाही आणि कुणी सांगितलेही नाही. आता रोज संध्याकाळी आई आपल्याच नवऱ्याला त्यांच्या बायकोचा निरोप सांगते.