एकोणीस कुलपं

सकाळी चहाच्या वेळी केयूरने, माझ्या मुलाने, टेबलावर एक यादी टाकली. समथरजवळच्या एका गावात घरोघर नळ द्यायचेत, त्याची पाहणी यानेच केलेली. सदतीस घरं. त्यातल्या एकोणीस घरांपुढे एकच शब्द: निर्जन.

"हे काय रे?"

"ताला लगा था ना, बाबा. नियम आहे. ताला म्हणजे निर्जन. निम्म्याहून जास्त निर्जन, तर गाव योजनेतून कटतं. आज शाम तक यादी द्यायचीय."

"डोंबलाचा नियम! अक्कल गहाण ठेवलीस का? जानेवारीत मोजलंस! ती माणसं दिल्लीत विटा वाहतायत, होळीला परत येतात. पाणी नाही म्हणून गेली, आणि गेली म्हणून पाणी नाही? वा रे न्याय! गाडी काढ."

नगऱ्यातल्या घरून निघालो ते त्या गावापर्यंत मी बडबडतच होतो. गावात रामकलीबाई भेटल्या. गेलेल्या प्रत्येक घराची किल्ली त्यांच्याकडे. बाई म्हातारी, पण एकोणीस अंगणं रोज झाडते. घर ओसाड दिसू द्यायचं नाही, अशी तिथली रीत.

"या तुला दिसल्या नाहीत?" मी केयूरला विचारलं.

"दिसल्या. पर फॉर्म में चाबी का कॉलम नाही ना."

थोबाडीत द्यावीशी वाटली.

बाईंनी पहिलं कुलूप उघडलं. सारवलेल्या अंगणात सिमेंटचा नवा ओटा, त्यात तोटीसाठी उभा केलेला पाइप, तोंडाला चिंधी बांधलेली. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्याही.

"दिल्ली से कहलवाए थे," बाई म्हणाल्या, "नल आवे तो जगह तैयार मिले."

यादीत काय लिहिलंय ते मी त्यांना सांगितलं. तसा किल्ल्यांचा जुडगा त्यांनी केयूरपुढे धरला. "निरजन है तो तुम्हीं रख लो, लला. हम कौन के लाने, किसके लिए झाड़ू लगाएँ?"

केयूरने तो घेतला नाही. गाडीच्या सीटवर यादी पसरली, 'निर्जन'वर काट मारली.

"इस घर में कौन रहता है, अम्मा?"

बाई नावं सांगत गेल्या, हा लिहीत गेला.

मी ओट्यावर बसून राहिलो. राग उतरला नव्हता, फक्त आता तो पोरावर नव्हता. तीस वर्षं मी सरकारी ओव्हरसियर होतो. किती गावांतली कुलपं मोजली असतील! हा प्रश्न एकदाही विचारला नाही.